बाबागाडी कोणत्या रस्त्यासाठी?

बाबागाडीचं एक कोडं बऱ्याच घरांत अनुभवाला येतं. दुकानात ती एका बोटाने ढकलली तरी सरसर पळते. घरी आणून बाळाला बसवलं आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलं, की पहिल्याच पेव्हर ब्लॉकच्या कडेला पुढचं चाक अडतं. गाडी जागच्या जागी थांबते, बाळ पुढे झुकतं आणि ढकलणाऱ्याच्या पोटात दांडा बसतो. दोन-चारदा असं झालं की गाडी गॅलरीत जाऊन पडते आणि तिच्यावर बाळाची दुपटी वाळत पडतात. गाडी तीच, बाळ तेच, ढकलणारे हातही तेच. मग बिघडतं कुठे?

बिघाड गाडीत नसतो. ती निवडताना आपण कापडाचा रंग, छताची ऐट आणि किमतीची चिठ्ठी पाहतो. ज्या रस्त्यावर ती रोज जाणार तो रस्ता आणि तिच्यात बसणाऱ्या बाळाचं वय मात्र हिशेबात धरत नाही. चाक, तोल, पट्टे, ब्रेक आणि घडी या पाच गोष्टी कशा काम करतात हे एकदा समजलं, तर विक्रेत्याने सांगितलेल्या वीस वैशिष्ट्यांतली कोणती कामाची आणि कोणती शोभेची, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

चाक अडतं तेव्हा काय होतं

चाक एखाद्या कडेवर चढतं तेव्हा ते त्या कडेच्या टोकाभोवती फिरत वर येतं. त्या क्षणी दोन जोर एकमेकांविरुद्ध उभे असतात. आपण मागून ढकलतो तो जोर चाकाला वर आणू पाहतो आणि चाकावरचं वजन त्याला खाली दाबून धरतं. यातलं कोण जिंकणार, हे कड चाकाच्या मध्यबिंदूच्या किती खाली आहे त्यावर ठरतं.

आकडे घेऊन पाहू. हलक्या गाड्यांची पुढची चाकं साधारण १५ सेंटीमीटर व्यासाची असतात, म्हणजे त्यांचा मध्य जमिनीपासून साडेसात सेंटीमीटरवर असतो. समोर ३ सेंटीमीटर उंचीची कड आली. कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत उरली साडेचार सेंटीमीटर उंची. आपल्या ढकलण्याला तरफ मिळते ती एवढीच. वजनाला मिळणारी तरफ म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर, आणि ते भरतं ६ सेंटीमीटर. वजनाची तरफ लांब, आपली आखूड. पुढच्या चाकांवर ६ किलो भार असेल तर त्यांना वर चढवायला आडवा ८ किलोचा जोर लागतो. आता ३० सेंटीमीटरचं चाक घ्या. कड तीच, पण आपली तरफ होते १२ सेंटीमीटर आणि वजनाची ९. तेच काम साडेचार किलोत होतं. चाक दुप्पट झालं आणि कष्ट जवळपास निम्मे झाले. कड चाकाच्या मध्याइतकी उंच असेल, तर आडवं कितीही ढकला, चाक चढणार नाही.

दुकानाच्या फरशीला कडच नसते, म्हणून तिथे १५ सेंटीमीटरचं चाकही राजेशाही वाटतं. आपल्याकडचे रस्ते वेगळे. खचलेले पेव्हर ब्लॉक, गटाराची लोखंडी जाळी, रस्त्यापेक्षा वर आलेलं चेंबरचं झाकण, दर इमारतीच्या फाटकाशी संपणारा आणि पुन्हा सुरू होणारा फूटपाथ. अशा ठिकाणी रोज फिरायचं असेल तर पुढची चाकं निदान १८ ते २० सेंटीमीटरची बघावीत, मागची त्याहून मोठी. फिरणं फक्त सोसायटीच्या आवारात, मॉलमध्ये किंवा विमानतळावर असेल तर लहान चाकं पुरतात आणि गाडी हलकी राहते.

चाक कशाचं आहे तेही बोटाने दाबून पाहावं. कडक प्लॅस्टिकचं चाक खडखडतं आणि दगडाचा प्रत्येक हादरा बाळाच्या पाठीपर्यंत पोचवतं. फोमचं चाक हादरे थोडे गिळतं आणि पंक्चर होत नाही. बहुतेक घरांना तेच सोयीचं. हवेचं चाक सर्वांत मऊ चालतं, पण त्याची हवा बघत राहावी लागते. पुढची चाकं सगळीकडे वळणारी असतात, त्यामुळे अरुंद जागेत गाडी सहज फिरते. खडबडीत रस्त्यावर हीच चाकं थरथरत आडवी होतात. त्यांना सरळ रेषेत अडकवायची कळ गाडीला आहे ना, हे विचारून घ्या आणि ती स्वतः लावून बघा.

कडेवर चढताना अनुभवी माणूस गाडी नुसती ढकलत नाही. तो दांडा खाली दाबतो, पुढची चाकं उचलतो, कडेवर ठेवतो आणि मग मागची चाकं वर घेतो. हे अतिशय सोपं आहे. पण दांडा दाबून गाडीचं तोंड ज्या तत्त्वाने उचललं जातं, त्याच तत्त्वाने गाडी बाळासकट मागे उलटतेही.

दांड्याला अडकवलेली पिशवी

बागेतला सी-सॉ आठवा. मधल्या टेकूपासून जितकं लांब बसावं तितकं आपलं वजन जास्त लागू पडतं. बाबागाडीत मागच्या चाकांचा आस हा तो टेकू. त्याच्या पुढे बाळ आणि सांगाडा, त्याच्या मागे दांडा. बाळ आणि गाडी मिळून १५ किलो वजन, आणि त्याचा मध्य आसाच्या २० सेंटीमीटर पुढे, असं धरू. दांड्याचं टोक आसाच्या ३० सेंटीमीटर मागे. पुढच्या बाजूला १५ गुणिले २०, म्हणजे ३००. मागच्या बाजूला ३०० व्हायला दांड्यावर १० किलो हवेत. भाजीची पिशवी काही १० किलोंची नसते, तेव्हा सगळं ठीक वाटतं.

आता बाळ रडलं म्हणून आपण त्याला उचलून कडेवर घेतलं. पुढे राहिली नुसती ६ किलोंची गाडी. ६ गुणिले २०, म्हणजे १२०. आता दांड्यावर ४ किलो असले तरी गाडी मागे कोसळते. दोन किलो कांदे, किलोभर बटाटे आणि लिटरभर दूध झालं की ४ किलो भरतात. बाळ हातात असतं म्हणून या पडण्यात सहसा ते वाचतं, पण दुसरं मूल मागे उभं असेल तर दांडा त्याच्या डोक्यावर येतो. बाळाला परत बसवताना, त्याचं निम्मं वजन अजून आपल्या हातात असतानाही हेच होऊ शकतं. पाठ पूर्ण मागे पाडलेली असेल तर बाळाचं वजन आसाच्या जवळ सरकतं आणि गाडी उलटायला लागणारं ओझं आणखी कमी होतं.

म्हणून सामानाची जागा सीटखालच्या जाळीत. तिथलं वजन जमिनीलगत आणि चारही चाकांच्या मध्ये राहतं, त्यामुळे गाडी उलट अधिक स्थिर होते. ही जाळी आपल्या रोजच्या सामानाला पुरेल एवढी आहे का आणि पाठ मागे पाडली तरी तिच्यात हात जातो का, एवढं बघावं. दांड्याला अडकवायचे हुक वेगळे विकत मिळतात. ते घेऊ नयेत.

मान धरेपर्यंत आडवंच

नवजात बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि त्या डोक्याला पेलायला मानेचे स्नायू अजून तयार नसतात. अशा बाळाला खुर्चीसारखं बसवलं की डोकं पुढे पडतं आणि हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनलिका बारीक आणि मऊ असते. मान अशी दुमडली की ती दबते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, शांत झोपल्यासारखं दिसतं. यातला धोका त्या शांतपणातच आहे.

बाळ मान धरतं ते साधारण तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, आणि आधाराशिवाय बसू लागतं सहाव्या महिन्याच्या आसपास. तोपर्यंत गाडीची पाठ जवळपास सपाट व्हायला हवी. युरोपातल्या मानकानुसार जन्मापासून वापरायच्या गाडीत सीट आणि पाठ यांतला कोन निदान १५० अंशांचा असावा लागतो. १८० अंश म्हणजे पूर्ण सपाट, तेव्हा १५० म्हणजे किंचित चढ असलेली पाठ. छत्रीसारख्या मिटणाऱ्या अनेक हलक्या गाड्यांची पाठ इतकी मागे जात नाही. त्या सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी असतात आणि खोक्यावर बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. ते वाचायला चष्मा काढावा लागला तरी काढावा.

गाडीत बाळ झोपलं तर फिरणं संपेपर्यंत झोपू द्यायला हरकत नाही. घरी आल्यावर मात्र त्याला सपाट अंथरुणावर ठेवावं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स, बाबागाडी, कारसीट आणि झोपाळा ही रोजच्या झोपेची जागा करू नये असं सांगते. चार महिन्यांच्या आतल्या बाळाबाबत तर आग्रहाने. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला गाडीत कधीपासून बसवायचं, हे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

बाळाचं तोंड कुणाकडे असावं, हाही प्रश्न या वयाशी जोडलेला आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी २००८ मध्ये बाबागाड्या घेऊन फिरणाऱ्या अडीच हजारांहून अधिक पालक-बाळांच्या जोड्यांचं निरीक्षण करून घेतलं. बाळाचं तोंड पालकांकडे असलेल्या गाड्यांत पालक बाळाशी दुपटीहून अधिक वेळा बोलताना दिसले. लहान बाळाच्या बाबतीत याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: त्याची मान कशी आहे, तोंडावर कापड आलं आहे का, हे चालता चालता दिसत राहतं. दोन्हीकडे तोंड करता येणारी गाडी काही आजची नाही. अमेरिकेतल्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८८९ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. मात्र अशा गाड्या वजनाने जड असतात. जिना चढायचा असेल तर हा फायदा सोडावा लागेल.

पट्टे आणि पायांमधला तो पाचवा बेल्ट

अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बाबागाड्या आणि बाळ उचलून न्यायच्या साधनांमुळे जखमी होऊन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची संख्या सुमारे ३ लाख ६१ हजार होती. बाबागाडीच्या अपघातांत दर तीनांपैकी दोन मुलं गाडीतून पडली होती. गाडी उलटून झालेले अपघात त्या मानाने बरेच कमी, १६ टक्के. पडणाऱ्या बाळाचं वजनदार डोकं आधी जमिनीला लागतं, म्हणून जखमाही बहुतेक डोक्याला आणि चेहऱ्याला होत्या.

पडणं थांबवतात ते पट्टे. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाच पट्टे एका बक्कलमध्ये येतात तो बेल्ट घ्यावा. खांद्याचे पट्टे बाळाला उभं राहू देत नाहीत, कमरेचे पुढे झुकू देत नाहीत. पायांमधला पट्टा अनेकांना अनावश्यक वाटतो आणि लंगोटाआड तो नीट बसत नाही म्हणून सोडून दिला जातो. तसं करू नये. तो नसला की बाळ सीटवरून खाली घसरतं. समोर आडवा दांडा किंवा ट्रे असलेल्या गाडीत सीट आणि ट्रे यांच्यातल्या फटीतून धड निघून जातं आणि डोकं अडकतं. अमेरिकेत ग्रॅको कंपनीने २०१० मध्ये सुमारे २० लाख जुन्या बाबागाड्या परत मागवल्या त्या याच कारणाने. असे अडकून चार बाळांचे जीव गेले होते. समोरचा ट्रे म्हणजे आधार, हा समज चुकीचा आहे. तो खाऊ ठेवायला असतो.

पट्टा किती घट्ट असावा? खांद्यावरचा पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहावा. त्याला उभी चुणी पडली तर तो सैल आहे. बाळ वाढतं तशी खांद्याच्या पट्ट्यांची उंचीही वर सरकवता आली पाहिजे. बक्कल मोठ्यांना एका हाताने उघडता यावं आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाला अजिबात उघडता येऊ नये. याची परीक्षा दुकानात सहज होते, कारण तिथे तेवढ्या वयाचं एखादं मूल बहुधा असतंच.

डोळ्यांना न दिसणारा उतार

फूटपाथ, रेल्वेचा फलाट, इमारतीचं आवार या सगळ्यांना पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार दिलेला असतो. एका मीटरला दोन सेंटीमीटर. इतका उतार उभ्या माणसाला जाणवत नाही. १५ किलोंच्या बाबागाडीला मात्र तो सुमारे ३०० ग्रॅमच्या जोराने सतत खाली ओढत असतो. चांगल्या, हलक्या फिरणाऱ्या चाकांना हलायला तेवढं पुरतं. म्हणजे गाडी जितकी उत्तम चालणारी, तितकी ती आपसूक सुटण्याची शक्यता जास्त.

ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात, अ‍ॅशबर्टन स्टेशनवर आईने क्षणभर दांडा सोडला आणि बाबागाडी घरंगळत फलाटावरून रुळांवर पडली. समोरून आगगाडी येत होती. तिने बाबागाडीला धडक देऊन काही अंतर फरफटत नेलं. सहा महिन्यांचं ते बाळ पट्ट्यांनी बांधलेलं होतं आणि वाचलं. स्टेशनच्या कॅमेऱ्यात हा प्रसंग टिपला गेला आणि जगभर दाखवला गेला.

तेव्हा दांडा सोडण्याआधी ब्रेक, हा नियम हाताला लागला पाहिजे. फोन उचलायचा असो, रिक्षाचे पैसे द्यायचे असोत की चप्पल सरळ करायची असो. ब्रेकचं काम साधं आहे. पेडल दाबलं की एक खिळा चाकाच्या दातांमधल्या खाचेत बसतो. कधी तो नेमका दातावर टेकतो आणि ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण लागलेला नसतो. म्हणून पेडल दाबल्यावर गाडी जराशी मागे-पुढे हलवून ‘टक्’ असा आवाज ऐकावा. एका पेडलने दोन्ही मागची चाकं अडकणारा ब्रेक घ्यावा. दोन चाकांना दोन वेगळी पेडलं असली की घाईत एकच दाबलं जातं आणि गाडी त्या चाकाभोवती वळून उताराला लागते.

आणखी एक बारीक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची. पुष्कळ गाड्यांचा ब्रेक सोडताना पेडल पायाच्या वरच्या बाजूने उचलावं लागतं. बुटात ते कळत नाही. चप्पल घातलेल्या पायाच्या बोटांना ते टोचतं, आणि टोचणारा ब्रेक माणूस हळूहळू लावेनासा होतो. दुकानात रोजची चप्पल घालूनच जावं. दाबून लागणारा आणि पुन्हा दाबूनच सुटणारा ब्रेक मिळाला तर उत्तम.

घडीची सोय आणि घडीचा धोका

आजची हलकी बाबागाडी विमानाच्या कारखान्यातून आली असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची, उड्डाणानंतर पंखांत दुमडली जाणारी चाकं बनवण्यात त्यांचा हात होता. त्यांची मुलगी नात घेऊन परदेशातून आली तेव्हा तिची अवजड गाडी सांभाळतानाची तारांबळ त्यांनी पाहिली आणि १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंहूनही कमी वजनाची गाडी तयार केली. एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने गाडी उचलता येईल ही कल्पना तिथून रुळली.

दुमडणाऱ्या सांगाड्यात सांधे आले, आणि दोन नळ्या जिथे कात्रीसारख्या जवळ येतात तिथे बोट सापडू शकतं. याच मॅक्लारेनच्या नावाने चालणाऱ्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत विकलेल्या सुमारे १० लाख गाड्यांच्या सांध्यांवर झाकणं पुरवावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा घटना तिथे नोंदल्या गेल्या होत्या. गाडी उघडताना किंवा मिटताना मूल तिच्याजवळ नको, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात हवं. सांधे झाकलेले आहेत का, हे स्वतःचं बोट फिरवून तपासता येतं.

उघडलेली गाडी मध्येच मिटू नये म्हणून तिला दोन कुलपं असावीत. एक सुटलं तरी दुसरं धरून ठेवतं. ती नीट बसल्याचा आवाज येतो. बाळाला बसवण्याआधी दांडा एकदा वर-खाली हलवून बघायची सवय लावून घ्यावी.

चौकट: दुकानात करून बघा

• पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन सीटवर बांधा. रिकाम्या गाडीवरून काहीच कळत नाही.
• गाडी दुकानाच्या उंबऱ्यावरून आणि बाहेरच्या फूटपाथवरून चालवून पाहा.
• ब्रेक लावा, सोडा, पुन्हा लावा. चप्पल पायात असू द्या.
• एका हाताने मिटा, मिटलेली गाडी उचलून दहा-बारा पायऱ्या चढा.
• पाठ पूर्ण मागे पाडा आणि खोक्यावर लिहिलेलं कमीत कमी वय आणि जास्तीत जास्त वजन वाचा.
• घरातला सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका माणूस दोघांनीही ढकलून बघा. दांडा कमरेच्या जरा वर आला की पाठ वाकत नाही.

ऊन, ओलं कापड आणि धूर

बाळ झोपलं, ऊन लागतंय, म्हणून गाडीवर पांढरं मलमलचं फडकं टाकायची पद्धत सगळीकडे आहे. सावली मिळते हे खरं, पण आतली हवा कोंडते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजलं. त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोरडं मलमल टाकलेल्या गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून अधिक उष्णता भरली. जाड फ्लॅनेलच्या कापडाखाली साडेतीन अंशांहून अधिक. तेच मलमल ओलं करून, जोडीला छोटा पंखा लावून टाकलं तेव्हा आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जवळपास ५ अंशांनी खाली आलं. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून हे घडतं. कापड दर १५-२० मिनिटांनी पुन्हा ओलं करावं लागतं.

ही युक्ती नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली चालेल. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे हवाच दमट. तिथे पाणी लवकर वाळत नाही आणि गारवाही कमी मिळतो. कूलर विदर्भात चालतो तितका कोकणात चालत नाही त्याचं कारणही हेच. किनाऱ्याच्या गावांत बाजूला जाळी असलेलं मोठं छत घ्यावं, आणि सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर बाहेर पडावं. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं बक्कल बाळाला बसवण्याआधी हाताने चाचपावं. पावसाळ्यातलं पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण पाऊस थांबताच काढावं. ऊन पडलं की त्याखाली उष्णता फार वेगाने साठते.

धुराचा प्रश्न अवघड आहे. वाहनांचा धूर जमिनीजवळ बाहेर पडतो आणि बाबागाडीतल्या बाळाचं नाक जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटीमीटरवर असतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं, की गाडीतल्या बाळाच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण येऊ शकतं. गाडी निवडताना म्हणूनच सीट जितकी उंच तितकी बरी. सिग्नलला उभं राहताना गाडी रस्त्याच्या कडेपासून दोन पावलं मागे ठेवावी. रस्ता ओलांडताना गाडी आपल्या पुढे असते आणि आपल्याला वाहन दिसण्याआधी बाळ रस्त्यात गेलेलं असतं, हे तर कधीच विसरू नये. आणि सरकत्या जिन्यावर गाडी न्यायची नाही. लिफ्टची वाट पाहावी.

जिना, रिक्षा, लिफ्ट

वजन आणि घडीचा आकार ठरवताना घरातून निघून परत येईपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. लिफ्टचं दार किती रुंद आहे, हे पट्टीने मोजावं. लिफ्ट नसेल तर १० किलोंची गाडी आणि ८ किलोंचं बाळ घेऊन जिना चढणं एकट्या माणसाला जमत नाही. तिथे ६-७ किलोंच्या वरची गाडी घेऊच नये. छत्रीसारखी मिटणारी गाडी बारीक पण लांब होते, रिक्षात आडवी मावत नाही. तीन घड्यांची गाडी लहान पेटीएवढी होते आणि पायाशी बसते. चारचाकीच्या डिकीत गॅसची टाकी असेल तर उरलेली जागा मोजून ठेवावी.

नात्यातली वापरलेली गाडी मिळत असेल तर आनंदाने घ्यावी. फक्त पट्ट्यांची शिवण, बक्कलची पकड, दोन्ही कुलपं आणि ब्रेक तपासावेत, सांध्यांचा गंज पाहावा आणि पावसाळ्यात माळ्यावर राहून कुबट झालेलं कापड धुऊन कडक उन्हात वाळवावं. ब्रेक धरत नसेल तर ती गाडी फुकटही नको.

गाडीबरोबर दुकानदार चाकांचा वॉकरही पुढे करतो. तो घेऊ नये. त्यात बसलेलं बाळ क्षणात जिन्याशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि रोज आसपास फिरणाऱ्या कुटुंबाला माझा सल्ला असा: ७ किलोंपर्यंतची, फोमची १८ सेंटीमीटरच्या आसपासची पुढची चाकं असलेली, पाठ जवळजवळ सपाट होणारी, पाच पट्ट्यांची आणि एका पेडलच्या ब्रेकची गाडी घ्या. बाकी सगळं ऐच्छिक आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली चालण्याजोगा रस्ताही नसेल, तर पहिले सहा महिने बाबागाडी घेऊच नका. तोवर बाळाला कडेवर घ्या किंवा नाक-तोंड उघडं राहील आणि मान धरली जाईल अशा झोळीत छातीशी बांधा, आणि दरम्यान फाटकाशी एक छोटा उतार करून द्यावा म्हणून सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज द्या.